करुणाचं मे महिन्याचं पुस्तक

करुणा,

तुला कबरस्तानात ठेवून परत आलो त्याला आता सहा आठवडे होतील. मध्ये उत्तम शुक्रवार गेला, पुनरुत्थानाचा रविवार गेला आणि मुलुंडचा चिकट उन्हाळा सुरू झाला. मंडळीच्या पत्रकात तुझ्यावर चार ओळी छापून आल्या आहेत. जन्म कुठे, नोकरी कुठे, मंडळीची सेवा किती वर्षं. त्या चार ओळी मीच लिहून दिल्या, पाळकीणबाईने लिहायच्या तशा. त्यात खोटं काही नाही, पण तूही त्यात कुठे नाहीस.

म्हणून हे दुसरं लिहायला बसले. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दोन वर्षं राहिली आहे. तू कुठलंही पुस्तक हातात घेतलंस की आधी शेवटचं पान वाचायचीस, आणि मी ओरडले की म्हणायचीस, "शेवट माहीत असला ना नंदा, की माणूस शांतपणे वाचतो." हे मात्र पहिल्यापासून ऐक.

आठ वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तू पाळकगृहात आलीस ती दुकानातून थेट. स्टेशनजवळच्या त्या चष्म्याच्या दुकानात तू तीस वर्षं काउंटरला होतीस, आणि समोर बसलेल्या माणसाकडे नाकाच्या दांडीपासून बघायची सवय तुला घरीदारी सुटली नव्हती. आमचे पाळकसाहेब चहा घेत होते. तू बसलीसुद्धा नाहीस.

"साहेब, मे महिन्यात आपल्या मंडळीची वाट लागते," तू म्हणालीस. "अर्धी माणसं गावी जातात, उरलेली पंख्याखाली लोळतात. संडेस्कूल बंद, महिला मंडळ बंद. तुमचा उपदेशसुद्धा पंधरा मिनिटांवर येतो. देव काय सुट्टीवर जातो का?"

साहेबांना तुझं बोलणं आवडायचं. इतर कुणी असं बोललं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं नसतं. "मग काय करायचं म्हणतेस?"

"वाचायचं. सगळ्यांनी मिळून एक पुस्तक. उपासना झाली की मागच्या ओसरीवर बसायचं आणि एकेकाने मोठ्याने वाचायचं. शास्त्र आपण वर्षभर वाचतो. पण दुसऱ्या माणसांनी देवाबरोबर दिवस कसे काढले, तेही कळायला पाहिजे ना."

पहिल्या वर्षी आम्ही सात जण होतो. ओसरीवर बदामाच्या झाडाची सावली यायची, दगडी फरशी मात्र भाजायची, म्हणून तू घरून चटया आणल्या होत्यास आणि मी कोकम सरबत केलं होतं. पुस्तक होतं आपला देश सोडून एका खेड्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंच्या आयुष्यावरचं. पहिलं प्रकरण संपलं आणि तू नियम सांगितलास: काय आवडलं ते कुणी सांगायचं नाही, कुठे टोचलं तेवढं सांगायचं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "सगळंच छान होतं."

"छान म्हणजे वाचलं नाहीस," तू म्हणालीस. सगळ्यांसमोर! पाळकीणबाईला! मला इतका राग आला की त्या दिवशी तुझ्या हातात सरबताचा पेला मी जरा आपटूनच दिला. तू तो पिऊन "साखर कमी आहे" म्हणालीस.

पण घरी जाऊन मी ते प्रकरण परत वाचलं. एकटीने, भांडी तशीच ठेवून. ती डॉक्टरबाई एका ठिकाणी लिहिते की दिवसभर लोकांसाठी राबून तिला देवाचीच आठवण राहत नसे. मी तिथे थांबले. बावीस वर्षं मी पाळकगृहात होते. आल्यागेल्याचा चहा, आजाऱ्यांच्या भेटी, महिला मंडळाचा अहवाल, नाताळचे केक. प्रार्थना तर दिवसातून दहा वेळा करत होते, पण ती कुणाच्या ना कुणाच्या घरी, कुणाच्या ना कुणासाठी, मोठ्याने. एकटीने, कुणी ऐकत नसताना शेवटची कधी केली, ते आठवेना.

हे ओसरीवर सांगायला मला तीन उन्हाळे लागले. त्या वर्षी प्रार्थनेवरचं एक पातळसं पुस्तक होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "मी प्रार्थना म्हणते. करत नाही." मला वाटलं तू आता काहीतरी तोडून टाकणारं बोलशील. तू नुसती कलिंगडाची मोठी फोड उचललीस, बिया काढल्यास आणि माझ्या ताटलीत ठेवलीस. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आधी मी खिडकीपाशी बसले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून नुसती बसले. त्या बसण्याला आता पाच वर्षं झाली, करुणा. मी आज जी काही आहे ती त्या ओसरीवरून उठून आले आहे. उपदेश मी जन्मभर ऐकले, एक उपदेशक तर घरातच आहे. पण चुकलेल्या, घाबरलेल्या, देवाशी भांडलेल्या माणसांची पुस्तकं वाचून माझा विश्वास माझ्या स्वतःच्या पायांवर उभा राहिला. ते काम तुझ्या मे महिन्यांनी केलं.

आणि माझ्या एकटीचंच नाही. लीलाबाई आठवतात ना? सत्तरी उलटलेल्या. पुस्तक हातात आलं की "आज घसा बसलाय" म्हणून पुढे सरकवायच्या. दोन रविवार तू बघितलंस. तिसऱ्या रविवारी पर्समधून चार चष्मे काढलेस, एकेक त्यांच्या नाकावर ठेवलास, आणि तिसरा घातल्यावर म्हणालीस, "आता घसा कसा आहे?" त्यांनी अख्खं पान वाचलं, बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं. वाचून झाल्यावर त्या रडल्या आणि तू रागावलीस, कारण काच ओली झाली होती.

तू काही संत नव्हतीस. हेही लिहिते, नाहीतर तूच म्हणशील की नंदाने पुन्हा पत्रकातल्या चार ओळी लिहिल्या. समोरच्याचं वाक्य तू त्याला कधी पुरं करू दिलं नाहीस. उशिरा येणाऱ्यांना तू घड्याळ दाखवायचीस. आणि एकदा मनात अढी बसली की ती काढणं तुला जमायचं नाही. तुला ते ठाऊक होतं. एका उन्हाळ्यात ओसरीवर तू स्वतःच म्हणालीस, "मला क्षमेचं प्रकरण टोचलं. माझं त्यात काही होण्यासारखं नाही. पुढे वाचा."

आता दोन वर्षांपूर्वीचं.

त्या एप्रिलमध्ये तू कादंबरी आणलीस. समुद्रकाठच्या गावातली एक विधवा कोळीण, देवळात पहिल्या बाकावर बसणारी ख्रिस्ती बाई. तिचा मुलगा चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात जातो आणि सुटून घरी येतो. ती त्याला घरात घेत नाही. ओट्यावर झोपू देते. रोज त्याचं ताट वाढते आणि उंबऱ्याबाहेर सरकवते. त्याचं नाव मात्र घेत नाही. पुस्तकात शिव्या होत्या, दारू होती, आणि देवाचं नाव क्वचितच कुणी धड घेत होतं.

थोरात सरांनी ती वाचली आणि रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "करुणाबाई, हे आत्मिक वाचन नव्हे. यात प्रत्येक पानावर शिवी आहे."

"शिव्या आपल्या घरांतही आहेत सर," तू म्हणालीस. "फक्त छापलेल्या नाहीत."

माणसं हसली. थोरात सर हसले नाहीत. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, पंच कमिटीतला सगळ्यात जुना पंच, ताठ कण्याचा. त्यांनी विषय कमिटीपुढे ठेवला. साहेब अध्यक्ष, आणि मत देणारे आम्ही पाच जण. महिला मंडळातर्फे मी. कुणाचं मन दुखायला नको म्हणून थोरात सरांनीच सुचवलं की चिठ्ठ्या टाकू. कादंबरी घ्यायची असेल तर 'हो', नाहीतर 'नको'.

तू बाहेर बाकावर बसली होतीस.

करुणा, त्याच्या चार महिने आधी आमचा आशिष घर सोडून गेला होता. ते तुला माहीत होतं. भांडणाचा पत्ता मी तुलाही पुरता लागू दिला नव्हता. त्याने जेवताना सांगितलं होतं की तो आता चर्चला येणार नाही, जे मनात नाही ते करायचा त्याला कंटाळा आलाय. साहेब ताटावरून उठले. आणि मी, त्याची आई, म्हणाले, "मग या घरात कशाला राहतोस?" तो दुसऱ्या दिवशी गेला. गोरेगावला मित्रांबरोबर खोली घेतली, मालिकांच्या चित्रीकरणात आवाज मुद्रित करायचं काम धरलं. मंडळीत कुणी विचारलं की मी सांगायचे, "कामात असतो हो फार." मी फोन करत नव्हते. तो करायचा, रविवारी संध्याकाळी. दोन मिनिटं. मी "जेवलास का?" विचारायचे आणि ठेवायचे. नाव घेऊन हाक मारत नव्हते.

तर तुझी ती कादंबरी मी निम्मी वाचली होती. उंबऱ्याबाहेर ताट सरकवते ते पान आलं आणि मी पुस्तक मिटलं. मला कळलं की मे महिन्याचे सगळे रविवार मला त्या ओसरीवर बसावं लागेल, ते पान कुणीतरी मोठ्याने वाचेल, आणि मग तू विचारशील, "नंदा, तुला कुठे टोचलं?"

मी चिठ्ठीवर 'नको' लिहिलं.

शिव्यांसाठी नाही. मंडळीच्या भल्यासाठीही नाही. भीतीने लिहिलं. दोन 'हो' निघाल्या, तीन 'नको'.

मी बाहेर आले. तू उभी राहिलीस. "नाही झालं," मी म्हटलं.

"थोरात सर," तू म्हणालीस. प्रश्नसुद्धा केला नाहीस. मग माझा हात धरलास. "जाऊ दे यार. तू तरी होतीस माझ्या बाजूने."

मी काही बोलले नाही. हात मात्र तसाच राहू दिला.

तेवढ्या एका गप्प बसण्याने काय काय झालं बघ. तू थोरात सरांशी बोलणं टाकलंस. ते रविवारी दाराशी "सलाम, करुणाबाई" म्हणायचे आणि तू त्यांच्या बाजूने निघून जायचीस, जणू तिथे खांब आहे. मी ते दर आठवड्याला बघत होते. त्या मे महिन्यात आपण कुठलंसं गुळगुळीत पुस्तक वाचलं, ज्यात कुणालाच काही टोचलं नाही. आणि कादंबरीची तुझी प्रत तू पर्समधून काढून माझ्या हातात दिलीस. "ठेव तुझ्याकडे. निदान तू पुरी कर."

साहेब तरुणांच्या शिबिराला गेले होते. घरात मी एकटी. चार दिवस ते पुस्तक फळीवर होतं, मी त्याच्याकडे पाठ करून स्वयंपाक करत होते. पाचव्या दिवशी दुपारी ओट्याला टेकून उभ्याउभ्याच वाचायला घेतलं आणि संपेपर्यंत बसले नाही. तुला शेवट माहीत होता, तू आधीच वाचला असशील. मला माहीत नव्हता. मला वाटलं ती त्याला घरात बोलावेल, रडारड होईल, पाळक येऊन प्रार्थना करतील. तसं काही होत नाही. एका रात्री ती स्वतःचं ताट वाढून घेते, उंबरा ओलांडते आणि ओट्यावर त्याच्या शेजारी जेवायला बसते. तो जरा सरकून जागा करतो. झालं. देवाचं नाव नाही तिथे. पण देव तिथे होता, करुणा. मी पाळकाची बायको आहे, तेवढं ओळखते. आपला प्रभू तरी दुसरं काय करायला आला? तो उंबरा ओलांडून बाहेर आला आणि आपल्याबरोबर जेवायला बसला.

मी पुस्तक मिटलं, साडी बदलली आणि गोरेगावला गेले.

आशिषने दार उघडलं. बनियनवर होता, दाढी वाढलेली. मला बघून त्याचा चेहरा आवळला. "पप्पांनी पाठवलं?"

"नाही. मी आले."

"उपदेश आहे?"

"नाही रे आशिष. भूक लागलीय."

तो बघतच राहिला. कदाचित नावामुळे. मग आत गेला, त्याने अंडाभुर्जी केली, खालून पाव आणले. खाटेवर वायर आणि हेडफोन पसरले होते ते बाजूला करून मला जागा केली. भुर्जी तिखटजाळ होती. मी सगळी खाल्ली. तो मला त्याच्या कामाचं सांगत होता, की शांत खोलीचासुद्धा आवाज वेगळा मुद्रित करून ठेवावा लागतो, नाहीतर शांतता खोटी वाटते. निघताना म्हणाला, "मम्मी, तू तीन तास बसलीस आणि एकदाही चर्चचं नाव काढलं नाहीस."

"तुला बघायला आले होते," मी म्हटलं.

त्यानंतर मी दर गुरुवारी जाऊ लागले. साहेबांना वेळ लागला. आधी नुसतं "कसा आहे?" विचारायचे. मग एका गुरुवारी त्यांनी डब्यात काय आहे ते विचारलं. आणि नाताळाच्या आदल्या दिवशी मला न सांगता स्वतःच गोरेगावला गेले. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर चार खुर्च्या लागल्या, कारण तूही होतीस जेवायला.

त्या दिवशी तू केक खाताना मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "कसं झालं गं हे?"

आणि मी म्हटलं, "प्रार्थनेचं उत्तर."

खोटं नव्हतं. पण ते उत्तर तुझ्या पर्समधून आलं होतं, ते मी गाळलं. पुस्तकाचं सांगितलं असतं तर चिठ्ठीचं सांगावं लागलं असतं. तू डोळे मिटून "स्तुती असो" म्हणालीस, आणि मी ताटल्या उचलायला आत गेले.

या जानेवारीत तुझं पोट दुखायला लागलं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. मार्चमध्ये तू हॉस्पिटलमधून घरी गेलीच नाहीस. मी रोज चारला यायचे आणि तुला वाचून दाखवायचे. एक दिवस तू जागी होतीस, चेहरा बारीक झालेला, चष्मा मोठा दिसत होता.

"या मेमध्ये कुठलं पुस्तक?" तू विचारलंस.

"तू सांग."

"तीच कादंबरी. कमिटीपुढे परत ठेव. थोरात सर काय करायचं ते करोत. तू आहेसच ना माझ्या बाजूने."

तेव्हा सांगायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. "करुणा," मी म्हटलं. तेवढ्यात सिस्टर सलाइन बदलायला आली. तिने मला बाहेर उभं केलं. मी पुन्हा आत आले तोवर तुझा डोळा लागला होता. मी खुर्चीत बसून मनाशी ठरवलं की उद्या सांगायचं. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीत नव्हतीस. मंगळवारी सकाळी तू गेलीस.

कबरस्तानात थोरात सर आले होते. छत्री टेकत, उन्हात, सगळ्यांच्या मागे उभे. माती टाकून झाली, माणसं पांगली, तेव्हा ते माझ्याजवळ आले. "बाईंनी शेवटपर्यंत माझा सलाम घेतला नाही," एवढंच म्हणाले आणि गेटकडे वळले. दोन वर्षांत त्यांनी त्रास बोलून दाखवला तो तेवढाच.

मी पुनरुत्थानाच्या रविवारची वाट बघितली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या सकाळचं गीत मला खोटेपणाने म्हणायचं नव्हतं, तरी तसंच म्हटलं, आणि मग सहनच होईना. सोमवारी कांजूरमार्गला त्यांच्या घरी गेले. सरांनी दार उघडलं, पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच सगळं सांगितलं. चिठ्ठी, बाकावरचं तुझं वाक्य, माझं गप्प बसणं. "तुमच्यावरचा तिचा राग माझ्या वाटणीचा होता," मी म्हटलं. "मला क्षमा करा, सर."

सरांनी माझ्या हातातला पेला घेऊन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"चिठ्ठ्या मीच उघडल्या ना? महिला मंडळाचा अहवाल दरवर्षी शुद्धलेखनासाठी माझ्याकडे येतो. तुमचा 'क' मी कुठेही ओळखीन. मधला दंड आडवा पाडल्यासारखा काढता तुम्ही."

मला हसू आलं आणि रडूही. "मग तुम्ही तिला सांगितलं का नाही? ती तुमच्याकडे बघतसुद्धा नव्हती."

"काय सांगणार? तिला आई नव्हती, माणूस नव्हतं. एक मैत्रीण होती. माझं काय, एक सलाम गेला. तिची मैत्रीण गेली असती."

करुणा, हा तो माणूस, ज्याला तू दोन वर्षं खांब समजलीस. आणि मी पण. पुस्तकांतून क्षमा शिकायला आपण चटया टाकून बसत होतो, आणि तो पुस्तकाच्या विरुद्ध मत दिलेला माणूस ती गुपचूप करत होता, दर रविवारी, दाराशी उभं राहून. तुला हे कळायला हवं होतं. माझ्यामुळे कळलं नाही. हे मला जन्मभर टोचणार आहे आणि टोचावंच.

मग मी कमिटीत उभी राहिले आणि सगळं पुन्हा सांगितलं. साहेब तेव्हा पहिल्यांदा ऐकत होते. ते खुर्चीत जरा खाली सरकले, पण मला थांबवलं नाही. घरी चालत येताना अर्ध्या वाटेवर ते थांबले. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तू गोरेगावला गेलीस ती त्या कादंबरीमुळे?"

"हो."

"मला वाटलं माझ्या उपदेशामुळे," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून हसलो.

कादंबरी मंजूर झाली. पाचही चिठ्ठ्या 'हो' नाहीत हां, चार. पाचवी कुणाची ते विचारायला नको. मी सरांना विचारलं तर म्हणाले, "क्षमा वेगळी, साहित्य वेगळं. माझं मत बदललेलं नाही." तरी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सगळ्यात आधी ओसरीवर येऊन बसले, पेन्सिल घेऊन. यंदा चटया पुरल्या नाहीत. आम्ही पहिलं प्रकरण वाचलं. शिवी आली तिथे लीलाबाई अडखळल्या, सरांकडे बघितलं, आणि ठणठणीत आवाजात वाचून पुढे गेल्या. नंतर सर तावातावाने बोलले, की ज्या घरात इतका अंधार तिथे वाचणाऱ्याने देव शोधायचा कुठे? दोन तरुण मुली त्यांच्यावर तुटून पडल्या. मीही बोलले, तुझी बाजू मांडली. तुझ्याइतकी धारदार नाही जमली, पण मांडली.

आशिष चर्चला येत नाही. तेही तुला खरं सांगते. सगळं गोड झालं असं नाही. पण रविवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "करुणा आंटीच्या पुस्तकाचं काय झालं?" मी सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला पण दे वाचायला." मी म्हटलं, एकच प्रत आहे रे, गुरुवारी येताना आणते, तिथेच बसून वाचू. पहिल्या गुरुवारी त्याने तीन पानं मोठ्याने वाचली. वाचताना त्याचा आवाज फार चांगला लागतो. लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठ म्हणायचा तसा नाही. मोठ्या माणसाचा, सावकाश.

करुणा, मला क्षमा कर. तुझ्याकडून ती इतक्यात मिळणार नाही, हे मला समजतं, पण आपण ज्या गोष्टीवर विश्वास ठेवतो ती खरी असेल तर मिळायला सगळा काळ पडला आहे. मला आता घाई नाही आणि भीतीही नाही. तुला मनात वाईट वाटलं तर रागाव, हवं तितकं. थोरात सर तिकडे आले की मात्र त्यांना आधी सलाम कर; ते आधी करणार नाहीत, दमलेत बिचारे.

उद्या गुरुवार आहे. अंडी आशिष आणतो, पाव मी नेते.

तुझी,
नंदा